मोजूनही माठ लांबोडाच येतो? पेन्सिलीचं माप कुठं फसतं आणि ते कसं शोधायचं

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीला लागलेली मुलं असोत की निवृत्तीनंतर हौसेनं पेन्सिल हातात घेतलेली मोठी माणसं, तक्रार एकच घेऊन येतात. हात लांब केला, एक डोळा मिटला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून सगळी मापं घेतली, तरी कागदावरचा माठ समोरच्या माठापेक्षा उंच निघाला. स्टुलाचे पाय फाकले. तांब्याच्या तोंडाला दोन टोकं आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, पुन्हा तसंच. आमच्याकडची, खानदेशातली पोरं सरळ सांगतात, "सर, मोजं तरी वाकडंच ई ऱ्हायनं."

"नीट बघ" एवढंच उत्तर मिळालं की मूल दोनांपैकी एक करतं. एक तर मोजणं सोडून देतं, नाही तर दर रेघेला पेन्सिल उचलून मोजत बसतं आणि वेळ संपतो. चूक दर वेळी वेगळी झाली असती तर शोधणं अवघड होतं. ती तीच तीच होते, म्हणजे तिचं कारण ठरलेलं आहे आणि ते सापडतं. मापाच्या प्रत्येक पद्धतीची फसायची जागा ठरलेली असते. त्यामुळे एका पद्धतीनं झालेली चूक त्याच पद्धतीनं पुन्हा मोजून हाती लागत नाही, तिला दुसऱ्या जातीचं माप लावावं लागतं. लांबीतली चूक कोन दाखवतो, कोनातली चूक ओळंबा, म्हणजे वजन बांधून लटकवलेला दोरा, दाखवतो, आणि या सगळ्यांतून निसटलेली चूक दोन वस्तूंमधली मोकळी जागा दाखवते. वेगवेगळ्या पद्धतींचा सराव करायचा तो यासाठी.

पुढचं वाचताना तुमचं एखादं बिघडलेलं चित्र शेजारी काढून ठेवा. खोडलेलं असलं तरी चालेल.

आधी चित्र भिंतीला लावून बघा

माठ लांबोडा येण्याची मुख्य कारणं दोन आहेत, आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून आधी कोणतं कारण आहे ते ठरवा. चित्र मांडीवर असताना बरोबर वाटतं आणि भिंतीला टेकवून समोर उभं राहिलं की लांबट दिसतं का? वरचा भाग, म्हणजे माठाची मान किंवा माणसाचं डोकं, खालच्या भागापेक्षा जास्त वाढलेला आहे का? तसं असेल तर दोष बोर्ड धरण्यात आहे. चित्र मांडीवरही लांबट दिसत असेल आणि खालपासून वरपर्यंत सारखंच ताणलेलं असेल, तर दोष हातात आहे.

बोर्डाचं आधी सांगतो, कारण ते लगेच सुधारतं. जमिनीवर मांडी घालून, बोर्ड मांडीवर जवळजवळ आडवा ठेवून काढायची आपल्याकडे सवय आहे. अशा वेळी कागदाकडे तिरकं बघितलं जातं. नजर कागदावर ४५ अंशांनी पडत असेल तर कागदावरची उभी लांबी डोळ्याला सुमारे ७० टक्केच दिसते, आडवी मात्र पूर्ण दिसते. हात ती कमी दिसणारी उंची आपोआप भरून काढतो. त्यातही कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब आणि जास्त तिरकी असते, म्हणून वरचा भाग अधिक वाढतो. बोर्डाची वरची कड उचला. पाठीमागे उशी, दप्तर, दुसरं स्टूल, काहीही लावा, पण नजर कागदावर शक्य तितकी सरळ पडू द्या. आणि थोड्या थोड्या वेळानं बोर्ड उभा धरून हाताच्या अंतरावरून बघा. ही सवय लागली की निम्मी तक्रार इथेच मिटते.

कोपर

बोर्ड सरळ असूनही माठ लांबत असेल तर कोपराकडे बघा.

पेन्सिलीचं माप म्हणजे शाळेत शिकलेलं त्रैराशिक. डोळ्यापासून पेन्सिल जितकी दूर आणि वस्तू जितकी दूर, त्या प्रमाणात वस्तूची उंची पेन्सिलीवर उतरते. समजा, माठ ३० सेंटिमीटर उंच आणि तितकाच रुंद आहे. तो स्टुलावर डोळ्याच्या पातळीत, तीन मीटरवर ठेवलाय. हात पूर्ण ताणून पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे. पेन्सिलीवर उंची ६ सेंटिमीटर येईल. आता रुंदी मोजायला पेन्सिल आडवी केली, मनगट वळवताना कोपर जरासा सैल झाला आणि पेन्सिल ५० सेंटिमीटरवर आली. रुंदी आता ५ सेंटिमीटरच येईल. गोल माठ ६ ला ५ झाला. कागदावर १८ सेंटिमीटर उंच काढला तर रुंद १५. मुलानं इमानदारीनं मोजलं, मापं बरोबर उतरवली, आणि चित्र चुकलं. पुन्हा मोजलं तरी कोपर पुन्हा तसाच सैल होणार, कारण आडवी पेन्सिल धरताना हात तसाच वळतो.

त्रैराशिक खानदेशाला परकं नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात पाटणला आहे. त्या गणितात एक गोष्ट स्थिर धरली नाही तर बाकीची उत्तरं कोसळतात. आपल्या मापात स्थिर धरायची गोष्ट म्हणजे डोळा आणि पेन्सिल यांच्यातलं अंतर.

उपाय सुतळीचा. पेन्सिलीच्या मध्यावर सुतळी बांधा. हात पूर्ण ताणल्यावर दातांपर्यंत येईल एवढी ठेवून तिथं गाठ मारा. मोजताना गाठ दातात, सुतळी ताठ. सुतळी ढिली पडली तर माप बाद. दातात धरायचा संकोच वाटत असेल तर सुतळी गळ्यात माळेसारखी घाला, पण मग मान पुढे-मागे होता कामा नये. काही दिवसांत हाताला अंतर कळतं आणि सुतळी सुटते.

याच्याच जोडीनं दोन बारीक गोष्टी. दर वेळी तोच डोळा मिटायचा. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, डोळा बदलला की पेन्सिलीमागची वस्तू उडी मारून सरकते. आणि फार जवळ बसू नका. मांडणीची जी सर्वांत मोठी बाजू असेल तिच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. एक मीटरवर बसून डोकं दहा सेंटिमीटर हललं तर नजरेचा कोन जवळपास सहा अंशांनी बदलतो, तीन मीटरवर तेवढ्याच हालचालीनं दोन अंशांनीही बदलत नाही.

पाट लांब, चौरंग लांब, रस्ता तर संपतच नाही

उभ्या-आडव्या वस्तू बरोबर येतात, पण आपल्यापासून दूर जाणाऱ्या कडा लांबतात, हे तिसरं लक्षण. पाटाची मागे जाणारी बाजू, बैलगाडीची धुरी, केळीच्या बागेतली ओळ. इथं पेन्सिलीनं मोजणारा नकळत पेन्सिलीचं टोक त्या कडेच्या दिशेनं आत झुकवतो. पेन्सिल झुकली की तीही आखूड दिसते, आणि तेवढीच कड झाकायला पेन्सिलीचा जास्त भाग लागतो. माप मोठं येतं.

डोळ्यासमोर हाताच्या अंतरावर उभी काच आहे असं धरा आणि पेन्सिल त्या काचेला चिकटूनच फिरली पाहिजे असा नियम करा. नुसत्या कल्पनेनं जमत नसेल तर खरी काच घ्या. खिडकीची काच चालते, जुन्या फोटोफ्रेमची कडा घासलेली काचही चालते. एक डोळा मिटून, डोकं एका जागी ठेवून, काचेपलीकडच्या पाटाच्या कडा मार्करनं काचेवरच गिरवा. मग काच बाजूला घेऊन बघा. मागे जाणारी कड किती आखूड आहे ते पाहून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही. आपल्याला पाट लांब आहे हे माहीत असतं, आणि माहिती डोळ्याच्या आधी हातात उतरते.

ही युक्ती फार जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५२५ साली छापलेल्या मोजमापाच्या पुस्तकात समोरच्या माणसाला काचेवर रेखाटणारा चित्रकार दाखवला आहे. डोळा हलू नये याची सोयही त्यात आहे. काच पुसून पुन्हा काढता येते, पैसे लागत नाहीत, आणि पेन्सिलीच्या मापापेक्षा ती शंभर गोष्टी लवकर शिकवते. मुलांना मी पेन्सिलीच्या आधी काचच देतो.

मापं घेतली, पण बेरीज जुळत नाही

चौथ्या प्रकारात एकेक वस्तू बरी दिसते, पण मांडणी कागदाबाहेर जाते किंवा शेवटच्या वस्तूला जागाच उरत नाही. याची मुळं दोन.

पहिलं, दोन पद्धतींची सरमिसळ. पेन्सिलीवर तांब्या ६ सेंटिमीटर दिसला, तो ६ सेंटिमीटरच काढला. मग चित्र लहान वाटलं, म्हणून माठ "जरा मोठा" काढला. पेन्सिलीवरचं माप जसंच्या तसं उतरवायचं असेल तर सगळंच तसं उतरवा. मोठं करायचं असेल तर सेंटिमीटर विसरा आणि फक्त "कशाच्या किती पट" एवढंच बोला: माठ म्हणजे सव्वादोन तांबे, भरताचं वांगं म्हणजे पाऊण तांब्या. पहिल्या पद्धतीला मोठी शिस्त लागते. फ्रान्समध्ये शार्ल बार्ग यानं जेरोम या चित्रकाराच्या मदतीनं १८६६ ते १८७१ या काळात काढलेली नमुनाचित्रं त्या परंपरेतल्या शिक्षणात आजही वापरतात. या पद्धतीत बोर्ड वस्तूच्या शेजारी उभा करायचा, मागे ठरलेल्या जागी खडूनं पावलं आखायची, तिथून दोन्ही सारख्याच आकाराचे दिसेपर्यंत तुलना करायची, पुढे जाऊन रेघ मारायची, पुन्हा मागे यायचं. घरी पडवी मोठी असेल तर ही जरूर करून बघा, अचूकपणाची चव कळते. परीक्षेत तिचा उपयोग नाही, तिथं बसायची जागा ठरवून दिलेली असते. वस्तुचित्र आणि स्थिरचित्र दोन्हींसाठी "कितीपट"चीच पद्धत पक्की करा.

दुसरं मूळ म्हणजे फार लहान एकक. कागदावर १२ मिलिमीटरचं एकक धरलं, त्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला आणि त्यानं आठ वेळा मोजलं, की आठ मिलिमीटरची चूक जमा झाली. लहानापासून मोठ्याकडे मोजलं की चूक साचत जाते. उलटं करा. आधी सगळ्या मांडणीची एकूण उंची आणि एकूण रुंदी यांचं प्रमाण घ्या आणि कागदावर फिकट खुणा करा. मग एकच प्रश्न विचारा: उंचीच्या बरोबर मध्यावर काय येतं? माठाचा खांदा? तांब्याची कड? तो बिंदू लावा. मग रुंदीचा मध्य. मग अर्ध्याचा अर्धा. भागत जाण्यात चूक साचत नाही, उलट लहान होत जाते. सगळ्या पद्धतींत एकच शिकवायची परवानगी मिळाली तर मी मध्यबिंदूची शिकवेन. माणसाचा चेहरा काढणाऱ्यांनी तर आजच करून बघावं: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, आणि नवशिक्या हमखास ते वरच्या तिसऱ्या भागात नेऊन ठेवतो, कारण कपाळ आणि केस त्याला बिनमहत्त्वाचे वाटतात.

एकक किती बलवान असतं हे चाळीसगावच्या केकी मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांत दिसतं. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली. चौकटीत ओळखीचं एकक ठेवलं नाही की डोळा टेबलावरच्या ढिगाला डोंगर मानतो. चाळीसगावला गेलात तर त्यांचं घर-संग्रहालय बघा आणि प्रत्येक फोटोपुढे विचारा, यात मला मोठेपणा कशावरून कळतोय?

सातपुड्याचंही तसंच आहे. चोपडा-यावलच्या बाजूनं डोंगराची रांग रेखाटताना जवळपास प्रत्येक जण तिला वाजवीपेक्षा उंच करतो. उंची पेन्सिलीवर पकडून ती रांगेच्या लांबीत किती वेळा बसते ते मोजत जा. मोजता मोजता हात थकेल. मन डोंगराला उंच करतं, डोळ्यापुढे तो एक लांबलचक ठेंगणी पट्टी असतो.

तिरकेपणा: कोन आणि ओळंबा

लांब्या बरोबर, तरी वस्तू पडतेय असं वाटत असेल तर लांबी मोजणं तिथंच थांबवा. कोन मोजा. पेन्सिल कडेवर धरा, ती घड्याळाचा काटा आहे असं समजा आणि वाचा: एक वाजून गेलेत, दोनला कमी आहेत. हा आकडा मनात घेऊन कागदावर रेघ मारा. पेन्सिल तशीच हवेतून उचलून कागदावर आणू नका, वाटेत मनगट फिरतंच. काट्याची सवय होईपर्यंत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एका टोकाला टाचणीनं जोडून घ्या, एक पट्टी उभी धरा, दुसरी कडेला लावा, आणि ते उघडलेलं माप कागदाच्या उभ्या कडेला लावून बघा. इथंही काचेचा नियम लागू: पट्ट्या समोरच्या सपाटीत राहिल्या पाहिजेत.

ओळंब्याला मी सर्वांत जास्त मानतो, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. गवंड्याचाच हवा असं नाही. दोऱ्याला नट किंवा जुनी किल्ली बांधली की झालं. हात लांब करून दोरा लटकू द्या, स्थिर होऊ द्या, आणि वाचा: माठाच्या डाव्या कडेच्या बरोबर खाली काय आहे? तांब्याचा मध्य की त्याच्याही डावीकडे? उभ्या माणसाच्या कानाखाली खांदा कुठं येतो, घोटा कुठं? ओळंब्याला कोपराची चूक लागत नाही, कारण तो लांबी सांगतच नाही. तो फक्त "कशाखाली काय" एवढं सांगतो. म्हणून पेन्सिलीची चोरी तोच पकडतो. पेन्सिलीनं माठ अरुंद आला असेल तर दोरा सांगेल की माठाची कड तांब्याच्या मध्यावर उतरते, आणि तुमच्या कागदावर ती तांब्याच्या अलीकडेच संपलेली असेल. आडव्या रेषेसाठी पेन्सिल आडवी धरून तेच वाचन करा: वांग्याच्या देठाच्या पातळीत माठावर कोणती जागा येते?

वाऱ्याच्या दिवशी दोरा बाहेर चालत नाही. तिथं विजेचा खांब, देवळाचा खांब, दाराची चौकट यांची उभी रेघ वापरा.

तोंडं आणि तळ

तांब्याच्या तोंडाला टोकं येणं ही मोजमापाची चूक वाटत नाही, पण आहे. तोंड "किती उघडं" दिसतंय हे मोजलंच जात नाही. तोंड गोल आहे हे माहीत असल्यानं ते जास्त उघडं काढलं जातं आणि रुंदीत बसवताना कडांना टोकं येतात. तळ मात्र जमिनीवर टेकलाय म्हणून सरळ रेघेचा. खुर्चीवर बसलात, डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आहे, ३० सेंटिमीटर उंचीचा, सरळ तळाचा डबा तीन मीटरवर जमिनीवर आहे असं धरा. तोंडाची दिसणारी जाडी रुंदीच्या सुमारे २९ टक्के येते, तळाची सुमारे ३७ टक्के. म्हणजे तळ तोंडापेक्षा जास्त गोलाईचा हवा. जसजसं वर्तुळ डोळ्याच्या पातळीच्या खाली जातं, तसतसं ते उघडतं, आणि बरोबर डोळ्याच्या पातळीत ते सरळ रेघ होतं. पेन्सिलीनं तोंडाची जाडी पकडा आणि ती रुंदीत किती वेळा बसते ते मोजा. साडेतीन वेळा बसत असेल तर कागदावरही साडेतीन. टोकं कुठंच नसतात. दोन्ही बाजूंना बारीक, पण गोल वळण असतं.

मोकळी जागा आणि चौकट

खाटेचे पाय, कळशीचा कान, केळीच्या फाटक्या पानांचा गुंता अशा गोष्टींत वरची सगळी मापं करून डोकं भंजाळतं. तिथं वस्तू सोडा, मधली जागा काढा. खाटेच्या दोन पायांमधून दिसणारी भिंत कोणत्या आकाराची आहे? त्या आकाराला नाव नाही, त्यामुळे मनाला त्यात काही घुसडता येत नाही.

यासाठी पुठ्ठ्याची खिडकी कापून घ्या, पण तिचं प्रमाण कागदाशी जुळलं पाहिजे. क्वार्टर इम्पिरिअल कागद ११ × १५ इंचांचा, म्हणून खिडकी ५.५ × ७.५ सेंटिमीटर ठेवा. चौरस खिडकीतून बघून आयताकृती कागदावर काढणं हे मांडणी बिघडण्याचं एक हमखास कारण आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खिडकीला आडवा-उभा दोरा ताणला की तीच जाळी. व्हिन्सेंट व्हॅन गॉखनं १८८२ साली हेगमध्ये असताना अशी चौकट बनवून घेतली होती आणि ती समुद्रकिनाऱ्यावर, शेतात रोवून तो काम करत असे. जाळीत एकच धोका आहे: डोकं हललं की सगळे चौकोन सरकतात. एखादा दोरा मागच्या कोणत्या खुणेवर बसलाय ते ठरवून ठेवा आणि दर वेळी आधी तो जुळवा.

मोजायच्या आधी अंदाज

इतकं सगळं करूनही काही जणांची नजर सुधारत नाही. चित्र बरोबर येतं, पण पेन्सिल खाली ठेवली की पुन्हा पहिल्यासारखं. यांचा क्रम उलटा असतो: आधी मोजतात, मग काढतात. डोळ्याला चुकायची संधीच मिळत नाही, म्हणून तो शिकत नाही.

आधी अंदाजानं फिकट खूण करा. मग मोजा. मग त्या खुणेशेजारी बरोबर खूण करा आणि पहिली खोडू नका. कागदाच्या कडेला दोन शब्द लिहा: "उंची जास्त", "डावीकडे सरकलं", "कोन कमी". काही चित्रं झाली की कडा वाचा. प्रत्येकाचा एक ठरलेला कल निघतो. कुणी नेहमी रुंदी कमी धरतो, कुणी उजवीकडची वस्तू फुगवतो, कुणी प्रत्येक तिरकी रेघ उभी करत आणतो. आपला कल कळला की पुढच्या वेळी अंदाज करतानाच मन सावध होतं. या टिपणांइतकं उपयोगी काही मला सापडलेलं नाही.

सरावासाठी एकच मांडणी अनेक दिवस न हलवता ठेवा. माठ, तांब्या आणि एक वांगं पुरे. तिघांच्या तळाभोवती खडूनं खुणा करा, म्हणजे घरातल्या कुणी हलवलं तरी परत लावता येईल. वांगं वाळायला लागलं तर बदला. एक दिवस फक्त मध्यबिंदूनं काढा, एक दिवस फक्त कोन आणि ओळंब्यानं, एक दिवस नुसत्या मोकळ्या जागा, एक दिवस जाळीतून, आणि मग एक दिवस काहीही न मोजता. सगळी चित्रं एकाच आकारात ठेवा. नंतर दोन-दोन चित्रं एकमेकांवर ठेवून उजेडाच्या खिडकीवर धरा. जिथं दोन पद्धतींच्या रेघा वेगळ्या पडतात, तिथंच तुमचा घोळ आहे. मग त्या जागेला तिसरी पद्धत लावून निकाल करा.

मोबाइलच्या फोटोशी चित्र ताडून बघायचं असेल तर जपून. फोनची लेन्स रुंद कोनाची असते, जवळून घेतलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. फोन डोळ्याच्याच जागी धरा आणि मांडणी चौकटीच्या मध्यावर ठेवा. हे पाळलं नाही तर बरोबर चित्र चुकीचं ठरेल. त्यापेक्षा छोटा आरसा बरा. चित्र आणि मांडणी दोन्ही आरशातून बघा, उलटी झाली की झुकलेली बाजू स्वतःहून पुढे येते.

बाहेर, उन्हात, हलणाऱ्या माणसांत

बाहेर दोन अडचणी वाढतात. पहिली सावलीची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, आणि सावलीच्या कडेला धरून घेतलेली मापं अर्ध्या तासात खोटी पडतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावल्या पायाखाली जातात आणि वस्तूंचे आकार सपाट दिसतात. सकाळी लवकर बसा, सावल्यांची कड आधी एकदाच पक्की आखा आणि नंतर ती बदलली तरी चित्रात बदलू नका. मोजमाप कायम घट्ट वस्तूंवरून घ्या: ओटा, खांब, झाडाचं खोड.

दुसरी अडचण माणसांची. आठवडी बाजारात भाजीवाली मावशी तुमच्यासाठी थांबणार नाही. तिथं पेन्सिल उगारून मोजत बसणं कामाचं नाही आणि समोरच्यालाही ते बरं वाटत नाही. आधी न हलणारं पकडा: टोपल्या, तराजू, छत्रीचा दांडा. मग माणूस त्यांच्या तुलनेत ठेवा. तिचं डोकं छत्रीच्या कुठल्या काडीपर्यंत येतं, गुडघा टोपलीच्या काठावर आहे की खाली. डोक्याचं एकक ढोबळ पडताळ्यापुरतं वापरा: उभा मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी, जमिनीवर मांडी घालून ताठ बसलेला साधारण चार. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, वर्षाच्या बाळाचं सगळं अंग चार डोक्यांचंच. ही सरासरी आहे. समोरची मावशी वाकून बसली असेल तर साडेतीनही भरणार नाही, आणि तेव्हा जे दिसतंय तेच काढायचं. ती उठून गेली तर तिच्या जागी येऊन बसणाऱ्याची मापं त्या चित्रात भरू नका. नवीन पानावर नवीन माणूस सुरू करा.